काळे, जाड, पाझरणारे पाय: लालबागच्या एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५८, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १२८ किलो. सहा वर्षांपासून दोन्ही पाय गुडघ्याखाली सुजलेले. नडगीवरची कातडी काळी, जाड, खरखरीत झाली आहे. घोट्याजवळ चामखिळींसारखे गड्डे आहेत आणि मधेमधे पाणी भरल्यासारखे दाणे. दाणे फुटले की पाणी पाझरतं, वास येतो. एका डॉक्टरांनी हत्तीरोग म्हणून गोळ्यांचे तीन कोर्स दिले. रात्रीचं रक्त तपासलं त्यात जंतू निघाले नाहीत. दोनदा ‘सेल्युलायटिस’ (कातडीखालचा जंतुसंसर्ग) म्हणून नर्सिंग होममध्ये ठेवून सलाइनमधून अँटिबायोटिक दिलं. आता नडगीची बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणी, करा असं कुणी सुचवलं आहे. आई घरीच ब्लाउज शिवते, रात्री खुर्चीत बसूनच झोपते, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून आठ महिने खाली उतरलेली नाही. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. हा कोणता रोग, दुसऱ्यांना लागतो का, आणि बरा होतो का?

ताई, मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण हळदीकुंकवाची ती ओळ वाचून पुढचं वाचवेना. तुम्ही जे वर्णन केलंय ते कुणालाही लागत नाही. आईच्या शेजारी बसून, तिचे कपडे धुऊन, तिचे पाय पुसून तुम्हाला काही होणार नाही. वास येतो तो गड्ड्यांच्या खाचांत ओल साचून तिथे वाढलेल्या जंतूंचा, आणि पाय रोज नीट धुऊन कोरडे ठेवले की बऱ्याचदा पंधरा दिवसांत जातो. शेजारणींना हत्तीरोगाची धास्ती असेल तर त्यांना हेही सांगा की खरा हत्तीरोगसुद्धा स्पर्शाने पसरत नाही. तो क्युलेक्स जातीच्या डासामार्फत पसरतो. डासाचा हा हात पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली दाखवून दिला. इतक्या वर्षांनंतरही मुंबईसारख्या शहरात एका बाईला तिच्या पायांमुळे पाटावर जागा मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

आता रोग कोणता. प्रत्यक्ष पाय पाहिल्याशिवाय पक्कं निदान कुणी करू नये, मीही करणार नाही. पण तीस वर्षं त्वचारोगांच्या ओपीडीत बसल्यावर काही चित्रं ओळखीची होतात, आणि तुमचं वर्णन त्यातलंच एक आहे. त्याचं नाव लांबलचक आहे: एलिफंटायसिस नॉस्ट्रास व्हेरुकोझा. व्हेरुकोझा म्हणजे चामखिळींसारखं. नॉस्ट्रास या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आपल्या मुलुखातला’. युरोपातल्या डॉक्टरांनी हे नाव दिलं, कारण उष्ण प्रदेशातल्या जंतामुळे होणारा हत्तीपाय त्यांना ठाऊक होता, पण त्यांच्या स्वतःच्या गावात जंताशिवायही तसेच पाय दिसत होते. आपल्याकडे याच नावामुळे गोंधळ होतो. आपल्या मुलुखातला हत्तीपाय म्हटलं की विदर्भ, सिंधुदुर्ग आणि हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्याच डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे मुंबईत जाड, खडबडीत पाय दिसला की हत्तीरोगाचा शिक्का पटकन बसतो आणि त्या माणसाचं वजन कुणी केसपेपरवर लिहीतसुद्धा नाही. बऱ्याच दवाखान्यांतला काटा १२० किलोच्या पुढे जातच नाही, तेव्हा लिहिणार तरी काय.

हत्तीरोग पूर्णपणे वगळायचा तर फक्त रात्रीच्या रक्तावर विसंबू नका. जुन्या हत्तीपायात रक्तातले सूक्ष्म जंतू बहुधा संपलेले असतात, त्यामुळे ती तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे रोग नव्हताच असं म्हणता येत नाही. अँटिजेनची कार्डावरची तपासणी दिवसाही करता येते. त्याहून जास्त उपयोगी पडतात ते साधे प्रश्न. आई कुठल्या गावची? तरुणपणी थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण, असं वरचेवर व्हायचं का? सूज एका पायाला आधी आली की दोन्हींना सारखी? जंताचा हत्तीपाय बहुतेक वेळा एका पायाला जास्त असतो. वजनाचा बहुधा दोन्ही पायांना, जवळपास सारखा. आणि जरी हत्तीरोग निघाला तरी सहा वर्षांच्या जुन्या सुजेवर डीईसीचा चौथा कोर्स काही करणार नाही. त्या पायाची देखभाल आणि हा पाय सांभाळणं जवळजवळ एकच आहे.

वजनाचा आणि नडगीच्या कातडीचा संबंध काय, हे आईला पटलं तर पुढचं सगळं सोपं जाईल, म्हणून इथे थोडी थांबते. आपल्या केशवाहिन्यांतून रोज लिटरच्या हिशेबात पाणी पेशींच्या आसपास झिरपत असतं. या पाण्याला लसीका किंवा लस म्हणतात (टोचायची लस वेगळी), आणि ते परत नेण्याचं काम लसीकावाहिन्या करतात. या नळ्या केसाहून बारीक सुरू होतात, पुढे त्यांना झडपा असतात, भिंतीत स्नायू असतो, आणि त्या स्वतः आकुंचन पावत लस वर ढकलतात. पोटरीचा स्नायू चालताना दाबला गेला की शिरांतलं रक्त आणि ही लस, दोन्ही वर चढतात. वजन फार वाढलं की एकाच वेळी तीन-चार बाजूंनी अडचण होते. पोटाचा भार बसल्यावर मांड्यांवर येतो आणि जांघेतला रस्ता दाबतो. शिरांमधला दाब वाढल्याने पाणी जास्त झिरपतं. चरबीच्या थरात मंद दाह चालू असतो, त्याने लसीकावाहिन्यांची धडधड क्षीण होते. आणि माणूस कमी चालतो, म्हणजे पोटरीचा पंपही बंद.

तुम्ही लालबागच्या आहात, हिंदमाताचं पाणी तुम्हाला सांगायला नको. पाऊस धो धो आणि त्याच वेळी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही, मग ते रस्त्यावर उभं राहतं. रस्ता कितीही झाडला तरी उपयोग नसतो, ओहोटी लागावी लागते किंवा पंप चालवावे लागतात. आईच्या नडगीत तेच चाललंय. शिवाय हे पाणी साधं नाही, त्यात प्रथिनं आहेत. ती साचून राहिली की तिथल्या पेशी तंतू विणायला लागतात, कातडी घट्ट होते, वरचा थर जाड होऊन त्याला गड्डे फुटतात. दाबलं तर खड्डा पडायचा ती सूज हळूहळू दगडासारखी होते. म्हणून नुसत्या मलमाने हे जात नाही.

आईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, साधारण ५३ येतो. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, म्हणजे हा आकडा दुपटीहून जास्त. लसीकावाहिन्यांचं काम तपासणारा लिम्फोसिंटिग्राफी नावाचा एक स्कॅन असतो. पावलात इंजेक्शन देऊन औषध वर कसं चढतं ते त्यात पाहतात. बीएमआय ५० ते ६० च्या घरात गेलेल्या लोकांत हा प्रवाह मंदावलेला किंवा बंद झालेला सापडतो, आधी कुठलाही जंत, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार नसतानाही. स्कॅन प्रत्येकाला लागतो असं नाही. एक तपासणी तर तुम्ही घरी करू शकता. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूने, कातडी चिमटीत उचलून पाहा. स्वतःच्या पायावर आधी करा, उचलली जाईल. आईच्या पायावर उचलली गेली नाही तर लसीची सूज आहे असं धरायला हरकत नाही. याला स्टेमरची खूण म्हणतात.

तुम्ही लिहिलेले ‘पाणी भरल्यासारखे दाणे’ दोन प्रकारचे असू शकतात. एक म्हणजे फुगलेल्या लसीकावाहिन्यांची टोकं, ती फुटली की पाणी खरंच वाहतं. दुसरा प्रकार फार कमी डॉक्टरांच्या लक्षात येतो. लठ्ठपणात नडगीवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे येतात. टोचलं तर पाण्याऐवजी चिकट, बुळबुळीत द्रव येतो, कारण आत म्यूसिन नावाचा पदार्थ साठलेला असतो. थायरॉइडच्या ग्रेव्ह्ज या आजारातही नडगीवर म्यूसिन साठतं, त्यामुळे अशा माणसाची थायरॉइडची तपासणी करावीच लागते. ती नॉर्मल आली तर हे म्यूसिन सुजेमुळे आणि वजनामुळे आलेलं असतं, आणि सूज व वजन उतरलं की ते दाणे मावळतात. माझ्याकडे कापड दुकानात गल्ल्यावर बसणारे एक गृहस्थ यायचे. दाण्यांवर त्यांनी दोन वर्षं नागिणीची, मग बुरशीची औषधं घेतली होती. पाय बांधायला सुरुवात केल्यावर तीन महिन्यांत नडगी सपाट झाली.

आणखी एक चित्र याच घरातलं आहे. घोट्याच्या वरची चरबी आकसून लाकडासारखी टणक होते, कातडी तपकिरी पडते आणि वरची पोटरी फुगलेली राहते. पाय उलट्या ठेवलेल्या सुरईसारखा दिसतो. याला लायपोडर्मॅटोस्क्लेरोसिस म्हणतात. पन्नाशीच्या पुढच्या, वजन जास्त असलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. सुरुवातीच्या काळात तो लाल, गरम आणि इतका दुखरा असतो की चादर लागलेली सहन होत नाही. हीच अवस्था ‘सेल्युलायटिस’ म्हणून पुन्हा पुन्हा दाखल होते. उलट, लायपेडेमा हा वेगळाच आजार आहे. कमरेखाली दोन्हीकडे सारखी चरबी, हात लावला तरी दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं, पण पावलं बारीकच राहतात आणि स्टेमरची खूण नसते. तुमच्या आईचं वर्णन त्यात बसत नाही.

बायोप्सीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बाईंच्या नडगीचा मी तुकडा घेतला. चार मिलिमीटरची जखम. रिपोर्टात आलं ते मला पाय पाहूनच कळायला हवं होतं. ती जखम भरायला पाच महिने लागले, आणि ते पाच महिने त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून काढले. तेव्हापासून सुजलेल्या, टणक नडगीवर हत्यार लावण्याआधी मी दहा वेळा विचार करते. दोन्ही पाय सारखे असतील, चित्र स्पष्ट असेल, तर बायोप्सी लागत नाही. लागते ती एकाच पायावर एकच चट्टा वाढत असेल तेव्हा. आपल्या हवेत त्वचेचा क्षयरोग आणि क्रोमोब्लास्टोमायकोसिस ही बुरशी, दोन्ही चामखिळींसारखी दिसतात आणि दोन्हींवर औषध आहे. जांभळट, रक्ताळलेली गाठ अचानक आली, किंवा जखमेची कड उचलून वाढायला लागली, तर मात्र त्याच आठवड्यात तुकडा तपासायला हवा, कारण जुन्या सुजेत क्वचित कर्करोग होतो.

सेल्युलायटिस, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत धावरं, हे दोन्ही पायांना एकाच वेळी होणं फार दुर्मीळ आहे. दोन्ही नडग्या लाल आहेत, ताप नाही, थंडी नाही, झोपून पाय वर घेतल्यावर लाली कमी होते, अशा वेळी ते बहुतेक जंतुसंसर्गाचं नसतं. आईला दोनदा दाखल केलं तेव्हा एकच पाय होता की दोन्ही, ताप किती होता, पांढऱ्या पेशी किती होत्या, ते जुने कागद काढून पाहा. पण खरं धावरंही अशा पायाला वारंवार होतं, आणि प्रत्येक वेळी लसीकावाहिन्यांचं आणखी नुकसान करून जातं. एका पायावर काही तासांत पसरणारी लाली, हुडहुडी, ताप, असं झालं तर घरी थांबायचं नाही. त्याचं दार बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यांत असतं. चिखल्या. पावसाळ्यात आपण त्यांना किरकोळ समजतो. सुजलेल्या पायाच्या माणसाने आरसा धरून किंवा मुलीला सांगून रोज बेचक्या पाहाव्यात, आणि चिखल्या दिसल्या तर नुसतं बुरशीनाशक मलम पुरेसं आठवडे लावावं. स्टेरॉइड मिसळलेलं ‘खाजेचं मलम’ लावू नये. निओमायसिन किंवा फ्रामायसेटिन असलेली मलमंही या पायांवर वर्षानुवर्षं लावू नका. सुजेच्या कातडीला त्यांची अ‍ॅलर्जी फार लवकर येते आणि मग पाझरणं दुप्पट होतं.

आता उपचार. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ कातडीची नाही. ‘रात्री खुर्चीत बसूनच झोपते’ ही आहे. चोवीस तास पाय लोंबकळत ठेवले तर कुठल्याही निरोगी माणसाचे पायसुद्धा भरतील. आई खुर्चीत का झोपते हे आधी शोधा. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून? तर हृदय तपासायला हवं, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला हवा. झोपेत घोरताना श्वास अडकून दचकून जागी होते म्हणून? तर स्लीप अ‍ॅप्निया असेल, त्याची झोपेतली तपासणी होते आणि हवेच्या दाबाने श्वासाचा रस्ता उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनने माणूस पुन्हा पलंगावर झोपू शकतो. की गुडघ्यांमुळे खाटेवरून उठता येत नाही म्हणून? तर खाट उंच करायची. अशा रुग्णाला पलंगावर नेलं एवढ्यानेच पंधरा दिवसांत पायांचा घेर उतरलेला मी पाहिला आहे. याच वेळी लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, थायरॉइड, साखर पाहून घ्यावी. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, त्याने घोटे सुजतात. मधुमेहाची पायोग्लिटाझोन आणि मुंग्यांसाठीची प्रीगॅबालिन यांनीही सुजतात. आणि सूज आहे म्हणून लघवीची गोळी वाढवत नेणं बंद व्हायला हवं. हृदय-मूत्रपिंडासाठी तिची गरज असेल तर ठीक, पण लसीच्या सुजेतली प्रथिनं तिने बाहेर पडत नाहीत.

मुख्य उपचार म्हणजे पाय बांधणं, कॉम्प्रेशन. औषधाच्या दुकानातलं मऊ क्रेप बँडेज इथे चालत नाही. ते ताणलं जातं, तासाभरात घसरतं आणि घोट्यात दोरीसारखं रुततं. लागतं ते कमी ताणलं जाणारं बँडेज, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, खाली कापसाचा किंवा फोमचा थर देऊन, खाली जास्त आणि वर कमी दाब राहील असं. पाय चालला की पोटरी त्या घट्ट भिंतीवर आपटते आणि पाणी वर जातं. पहिले दोन-तीन आठवडे रोज किंवा दिवसाआड उघडून, धुऊन, पुन्हा बांधावं लागतं. पाझर सुरुवातीला जास्त वाटेल, घाबरू नका, दाब मिळाला की काही दिवसांत आटतो. माप स्थिरावलं की मापाचे मोजे, आणि पाय फार आडवातिडवा असेल तर वेल्क्रोचे पट्टे, जे तुम्हाला घरी घट्ट-सैल करता येतात. तयार मोज्यांचं सर्वांत मोठं मापही अशा पायाला बसत नाही, मापाचेच करून घ्यावे लागतात. ही बांधणी शिकलेले फिजिओथेरपिस्ट मुंबईत आहेत. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणाऱ्या सुजेवर हीच पद्धत वापरतात, म्हणून कर्करोग रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात आधी विचारा. केरळात कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मॅटॉलॉजीने याला योगासनं आणि आयुर्वेदातल्या धावनांची, म्हणजे औषधी पाण्याने पाय धुण्याची, जोड दिली आहे. तिथून शिकून आलेल्या घरच्या माणसांनी केलेली बांधणी मी पाहिली आहे, उत्तम असते.

बांधण्याआधी एक अट. पायाच्या धमन्या तपासल्या पाहिजेत. हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर घट्ट बांधणं धोक्याचं, ०.५ च्या खाली असेल तर बांधायचंच नाही, आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा खोटा जास्त येतो, तेव्हा डॉपलर करून घ्या. हृदय कमकुवत असून काबूत नसेल तरीही आधी त्याचा उपचार.

याचा उपयोग किती, ते सांगते. ऑस्ट्रेलियात पायांची जुनी सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेल्या ८४ जणांवर एक अभ्यास झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांना पायाची काळजी शिकवली, निम्म्यांना त्याशिवाय कॉम्प्रेशन दिलं. कॉम्प्रेशन नसलेल्यांत ४० टक्के जणांना पुन्हा सेल्युलायटिस झाला, असलेल्यांत १५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पेनिसिलिनच्या रोजच्या गोळ्यांनीही पुनरावृत्ती कमी होते, पण वजन जास्त असलेल्यांत तिचा गुण कमी येतो आणि गोळी थांबवली की संरक्षण संपतं. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा खरं धावरं होत असेल तर ती जरूर घ्यावी, पण बांधणीच्या जागी नव्हे.

कातडीसाठी रोजचं काम साधं आहे. कोमट पाणी, साधा साबण, खाचांत मऊ फडकं फिरवून धुणं, आणि बेचक्या टिपून कोरड्या करणं. चोळायचं नाही. वास असेल तोवर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं. रंग कांद्याच्या आतल्या सालीइतका फिकट गुलाबी हवा, जांभळं पाणी कातडी जाळतं. कोरडं झाल्यावर जाड भागावर युरिया किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम, ओल्या किंवा चिरलेल्या जागी मात्र नको. बाकी खोबरेल चालेल. फार उंच गड्डे असतील तर अ‍ॅसिट्रेटिनसारखी गोळी काही महिने देतो, यकृत आणि चरबीच्या तपासण्या करत. सूज उतरल्यावरही राहिलेले गड्डे शस्त्रक्रियेने छाटता येतात, पण सूज असताना छाटले तर जखम भरत नाही. डाग देणं, जळवा लावणं, सुईने पाणी काढणं यातलं काहीही करू देऊ नका. जळवांच्या तोंडातून अशा पायात जे जंतू जातात त्यांना आवरणं अवघड होतं.

वजनाबद्दल लिहिताना मी शब्द जपून वापरते, कारण अशा बायकांना आयुष्यभर ‘कमी खा’ एवढंच ऐकायला मिळालेलं असतं. १२८ किलोच्या, गुडघे दुखणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या बाईला ‘रोज तासभर चाला’ हा सल्ला देणं म्हणजे तिला हात न लावता घरी पाठवणं आहे. या टप्प्यावर बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया हा योग्य वैद्यकीय उपचार आहे, तो शेवटचा उपाय म्हणून लाजत विचारायची गरज नाही. तिने साधारण पाव वजन किंवा थोडं जास्त उतरतं. आठवड्यातून एकदा घेण्याची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनं आता आपल्याकडे मिळतात. चांगल्या अभ्यासांत पहिल्याने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्याने २० टक्क्यांच्या आसपास वजन कमी झालं. स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल तर ती देत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नयेत. मात्र वजन उतरेपर्यंत पायाला वाट पाहायला लावू नका. बांधणी या आठवड्यात सुरू व्हायला हवी, वजन वर्ष-दोन वर्षांत उतरेल.

तिसऱ्या प्रश्नाचं, बरं होतं का याचं, उत्तर यातच आहे. पाझर, वास आणि ताप यांपासून सुटका बहुतेकांना मिळते. गड्डे बरेच सपाट होतात. काळेपणा राहतो, कारण तो रक्तातल्या लोहाचा डाग आहे. लसीकावाहिन्यांचं नुकसान वजन कमी झाल्यावर काही जणांत भरून येतं, फार पुढे गेलेल्यांत पूर्ण येत नाही, आणि त्यांना मोजे कायम घालावे लागतात. बीएमआय ५३ वर असताना सुरुवात केली तर मला आशा आहे.

पावसाळ्याचं एक वेगळं सांगते. भेगा पडलेल्या पायाने तुंबलेल्या पाण्यात उतरणं आईसाठी आणि तुमच्यासाठीही वर्ज्य. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरा हा जंतू भेगांतून शिरतो. कधी उतरावंच लागलं तर घरी येताच पाय धुऊन कोरडे करा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या. महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते.

आणि आईचं शिवणयंत्र. मोटार बसवलेली असेल तर शक्य तेव्हा काढा, किंवा मोटारीवर शिवतानाही मधेमधे पाय पायट्यावर ठेवून हलवायला सांगा. टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर. पट्टी बांधून ही हालचाल केली की पोटरीचा पंप चालतो, आणि यासाठी तीन मजले उतरावे लागत नाहीत. मशीनशेजारी उंच स्टूल ठेवा, ब्लाउज संपला की पाय त्यावर.

घरात शिवणाची टेप आहे, तिचा उपयोग करा. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, दोन्ही पायांचा घेर तीन ठिकाणी मोजा: पावलाच्या मध्यावर, घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागी. जागा बॉलपेनने खूण करून ठेवा म्हणजे रोज तीच राहील. आईलाच वहीत लिहू द्या, माप घेण्यात तिचा हात तुमच्यापेक्षा सरावाचा आहे. आठवड्याची मापं, आधी दोनदा दाखल केलं तेव्हाचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एक रात्र आई खुर्चीत घोरत असतानाचा मोबाइलवरचा आवाज, एवढं घेऊन पहिल्या भेटीला जा. खाली उतरवणं जमत नसेल तर आधी घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आणि घरी येणारे फॅमिली डॉक्टर बघा. धमन्यांची ती गुणोत्तराची तपासणी हातात मावणाऱ्या डॉपलरने पलंगावरही होते.